गिझरची लाईट वेळेवर बंद होते तरी नळाला कोमटच पाणी, तेरा वर्षं जुना आहे, टाकून देऊ का?

अनगोळची_सून
नमस्कार मंडळी, आमच्या घरी २५ लिटरचा गिझर आहे, वरच्या बाथरूममध्ये भिंतीला लावलेला, तिथनंच पाईप खाली न्हाणीत आणि स्वयंपाकघरात सिंकला आलाय. २०११ ला घर बांधलं तेव्हाचा आहे, म्हणजे तेरा वर्षं झाली. आजवर एकदा फक्त थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की करंट तोडणारा भाग, बदललाय. आता दिवाळीनंतर असं व्हायलंय की सकाळी बटण चालू केलं की लाल लाईट लागते, अर्ध्या तासाने आपोआप बंद पण होते, म्हणजे पाणी तापलं असं आपण समजतो, आणि खाली न्हाणीत नळ सोडला तर कोमट. पूर्वी सासूबाईंची आंघोळ होऊन वर माझी पण व्हायची तेवढ्यात, अडीच बादल्या सहज निघायच्या. आता पहिली बादली पण धड गरम भरत नाही. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, गुडघे धरतात, आणि सध्या इथं बेळगावात पहाटे किती गारठा असतो तुम्हाला माहितीय, मी रोज गॅसवर दोन पातेली तापवून न्हाणीत उचलून न्यायलेय आणि त्या ओल्या फरशीवरनं कढत पाणी नेताना जीव मुठीत असतो.

एक मेस्त्री येऊन गेले. त्यांनी उघडून पण बघितलं नाही, जुना झालाय टाकून द्या, नवीन घ्या म्हणाले, आणि दोनशे रुपये घेऊन गेले. घ्यायचा तर घेऊ, पण खरंच गेलाय का ते तरी कळायला नको? आणि एक विचित्र आहे, मधेच एखादा दिवस अगदी कडकडीत पाणी येतं, पूर्वीसारखं. मग परत दोन दिवस कोमट. गिझर गेला असेल तर असं कसं होईल? पाणी आमच्या आडाचं आणि नळाचं दोन्ही टाकीत चढतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा बघू.

निपाणीचा_भाऊ
अक्का, तेरा वर्षं म्हणजे भरपूर झाली. आमच्याकडे गेल्या वर्षी गॅस गिझर बसवला, टाकी नाही काही नाही, नळ सोडला की लगेच गरम, करंट गेला तरी चालतो. एकदा विचार करा.

वायरमन_काका_वडगाव
ताई, घाईने काही टाकू नका. मी ३१ वर्षं वायरमनचं काम केलंय, अशा "जुना झाला" म्हणून भंगारात घातलेल्या गिझरात निम्म्यांना काही झालेलं नसायचं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बऱ्याच गिझरात ती लाल लाईट थर्मोस्टॅटच्या पुढं जोडलेली असते. म्हणजे लाईट लागली याचा अर्थ एवढाच की थर्मोस्टॅटमधून करंट पुढं गेलाय, कॉईल तापते की नाही हे लाईटला माहीत नसतं. कॉईल जळलेली असेल तर लाईट तासन्‌तास लागूनच राहते आणि पाणी गारच्या गार. आणि लाईट अजिबात लागत नसेल तर कटआऊट (पाणी फारच तापलं तर करंट तोडणारी दुसरी सोय) पडलाय नाहीतर थर्मोस्टॅट गेलाय नाहीतर करंटच येईना. तुमची लागते आणि वेळेवर बंद होते, म्हणजे आतलं पाणी निदान थर्मोस्टॅटच्या जागी तरी तापायलंय.

तरी खात्री करायची असेल तर मेस्त्री नको, टेस्टर नको, तुमचा हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, मीटर आहे ना बाहेर, त्यावर एक बारका लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते. बऱ्याच मीटरांवर ३२०० असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचा. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज पण दोन मिनिटं, फक्त गिझर चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. २००० वॅटचा गिझर असेल आणि मीटर ३२०० चा असेल तर मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकला पाहिजे, सेकंदाला जवळजवळ दोन. तेवढे भरले तर कॉईल पूर्ण ताकदीने चालायली आहे. पाचदहाच भरले तर कॉईल गेली. आणि चालू केल्यापासून लाईट बंद होईपर्यंत किती मिनिटं लागतात ते पण लिहून ठेवा. २५ लिटर पाणी २० डिग्रीवरनं ६० वर न्यायला २००० वॅटला ३५ मिनिटं लागतात, हा हिशोब ठरलेला आहे, याला गिझर नवा की जुना याचा संबंध नाही. १० मिनिटांत बंद होत असेल तर थर्मोस्टॅट लवकर तोडायलाय, किंवा तळाला क्षाराचा गाळ एवढा साठलाय की कॉईलभोवतीचंच पाणी तापतं.

कॅम्पातली_सिस्टर
निपाणीच्या भाऊंना राग येऊ नये, पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझर कृपा करून कुणी बसवू नका. मी हॉस्पिटलात काम करते. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरून बसतो. माणसाला आधी गुंगी येते, पाय लटपटतात, कडी उघडायची ताकद राहत नाही. त्यात थंडीत आपण खिडकी पण लावून घेतो. लावायचाच असेल तर गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत, आणि फक्त पाण्याचा पाईप आत. भाऊ, तुमचा कुठं लावलाय ते आज जाऊन बघा, एवढीच विनंती.

निपाणीचा_भाऊ
सिस्टर राग कसला. आमचा आतच आहे, वर छोटी जाळी आहे फक्त. बाहेर काढून घेतो, उद्याच माणूस बोलावतो.

अनगोळची_सून
काका, मोजलं. मीटरवर ३२०० च लिहिलंय. धाकट्याला घड्याळ धरायला सांगितलं आणि मी मोजत होते, एका मिनिटात १०४ आले. आणि लाईट बंद व्हायला ३४ मिनिटं लागली. म्हणजे कॉईल पण चांगली आणि वेळ पण बरोबर? मग पाणी कोमट का? लाईट बंद झाल्यावर लगेच खाली जाऊन नळ सोडला, पहिले दोन तांबे बऱ्यापैकी गरम आले मग कोमट झालं. मला तर काही कळेना झालंय.

खानापूर_प्लंबर
वहिनी १०४ म्हणजे दोन किलोवॅटला थोडं कमी, एकदम बरोबर. तुमचा गिझर पाणी तापवायलाय, ते तापलेलं पाणी तुमच्यापर्यंत यायच्या आधी वाटेत त्यात गार पाणी मिसळायलंय, मी पैजेवर सांगतो. हे मी खानापुरात, नंदगडात कितीतरी घरी बघितलंय आणि प्रत्येक ठिकाणी आधी कुणीतरी नवीन गिझर आणलेला असतो आणि नव्या गिझरला पण कोमटच पाणी येत असतं, मग मला फोन.

होतं काय की मिक्सर नळ असतो ना, एका बाजूने गार एका बाजूने गरम, आत दोन्ही एकत्र येतात आणि तोंडातनं बाहेर. आता समजा तोंड बंद आहे पण दोन्ही मुठी उघड्या आहेत, तर गार आणि गरम लाईन आतल्या आत जोडल्या गेल्या. ज्या बाजूला प्रेशर जास्त ती दुसऱ्या बाजूत घुसणार. जुन्या गिझरच्या इनलेटला क्षार बसून तोंड बारीक झालेलं असतं, त्यामुळं गरम लाईनचं प्रेशर कमी, गार लाईन जोरात. मग तुम्ही खाली गरम नळ सोडला की गिझरमधनं थोडं येतं आणि बाकीचं वरच्या मिक्सरमधनं गार पाणी उलट फिरून गरम पाईपनं तुमच्याकडं येतं. पहिले दोन तांबे गरम, मग कोमट. अगदी तुम्ही सांगितलं तसंच.

आता टेस्ट. आधी गिझरचं बटण बंद. मग गिझरच्या खाली दोन पाईप दिसतील, गार पाणी आत जातं त्याला कॉक असतो, तो पूर्ण बंद करा. मग खाली न्हाणीत फक्त गरम नळ सोडा. गार पाणी आत गेल्याशिवाय गिझरमधनं पाणी बाहेर येऊ शकत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटात धार संपली पाहिजे. संपली तर मिसळत नाही, मग दोष गिझरच्या आत आहे, आत गरम पाणी वरनं उचलून आणणारी एक नळी असते ती कुजून मधेच तुटली की वरचं गरम पाणी वरच राहतं आणि तळाचं गार पाणी बाहेर येतं. आणि धार चालूच राहिली तर ते पाणी गिझरचं नाहीच, दुसरीकडनं यायलंय. मग एकेक मिक्सर बघत जायचं.

आणि एक विचारतो, दिवाळीत घरात काही नवीन बसवलंय का? नळ, शॉवर, जेट स्प्रे, काहीही? आणि ज्या दिवशी कडकडीत येतं त्या दिवशी घरात कोण नसतं?

शहापूरचा_गणेश
प्लंबरभाऊंचं शंभर टक्के बरोबर. आमच्या घरी वेगळ्या कारणाने हेच झालेलं. बेळगावात २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा आमच्या मेस्त्रीने गार पाण्याची लाईन थेट नळाच्या मेनला जोडली आणि गिझर मात्र गच्चीवरच्या टाकीवरच ठेवला. टाकी गिझरपेक्षा ३ मीटर वर, म्हणजे जेमतेम पाव बारच्या वर प्रेशर, आणि मेनचं त्याच्या कितीतरी पट. स्वयंपाकघरातला मिक्सर जरा सैल होता तर गार पाणी गरम लाईनीत घुसून उलट गच्चीवरच्या टाकीत चढायचं, टाकी रात्री भरून वाहायची. आम्ही सहा महिने टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक बदलत बसलो होतो. शेवटी दोन्ही लाईनी एकाच टाकीवर घेतल्या तेव्हा थांबलं. एका घरात गार आणि गरम दोन्ही एकाच उंचीच्या पाण्यावर पाहिजेत, हे बांधकाम करताना कुणी सांगतच नाही.

अनगोळची_सून
प्लंबरभाऊ, मी वाचता वाचता उठून वर गेले! दिवाळीत मोठ्या मुलाने वरच्या बाथरूमला नवीन मिक्सर आणि हातात धरायचा शॉवर बसवला. त्या शॉवरच्या मुठीवरच एक बटण आहे, दाबलं की पाणी बंद. आणि वर आमचा पुतण्या राहतो, इंजिनिअरिंगला आहे, तो सकाळी साडेसहाला आंघोळ करतो आणि ते बटण दाबून शॉवर अडकवून जातो, खालच्या दोन्ही मुठी उघड्याच! तो शनिवारी संध्याकाळी गावाकडे जातो. रविवारी पाणी कडकडीत, सोमवारी पण असतं कधी कधी. देवा, दोन महिने मी पातेली उचलली.

टेस्ट पण केली. गिझरचा कॉक बंद केला आणि खाली गरम नळ सोडला, पाच मिनिटं झाली तरी धार चालूच, चांगली जोरात, आणि गारढोण. मग धाकट्याला वर पाठवून दोन्ही मुठी बंद करायला सांगितल्या, त्याने तिकडं बंद केल्या आणि इकडं धार थांबली. मी तिथंच उभी राहून बघत होते. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना आधी पटेना, वरचा नळ खालचं पाणी कसं गार करणार म्हणाल्या, मग त्यांना पण करून दाखवलं.

आता प्रश्न असा की पुतण्याला सांगितलं की झालं? की आणखी काही करून घ्यावं?

खानापूर_प्लंबर
सांगितलं की निम्मं झालं. पण पाहुणे येणार, पोरं येणार, कुणीतरी उघडं ठेवणारच, म्हणून त्या मिक्सरच्या गार आणि गरम दोन्ही पाईपांवर एकेक एनआरव्ही बसवून घ्या, म्हणजे पाणी एकाच दिशेला जातं, उलटं येत नाही. फार खर्चाचं काम नाही, मिक्सर खोलायला लागतो एवढंच. आणि गिझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह आणि जाळी काढून बघा, तेरा वर्षांत आत पांढरा थर बसलेला असणार, बोअरचं नाहीतर आडाचं पाणी असलं की बसतोच. ती बाजू मोकळी झाली की गरम पाण्याचं प्रेशर पण वाढेल.

वायरमन_काका_वडगाव
आता गिझर खोलायचाच आहे तर माझं ऐका, नीट सर्व्हिस करून घ्या, आणि मेस्त्री काम करताना तुम्ही समोर उभ्या राहा. बटण बंद केलेलं पुरत नाही, एमसीबी पाडा. वायरिंगमध्ये कुठं फेज आणि न्यूट्रल उलटं असलं तर बटण बंद असून पण आत करंट राहतो.

तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. एक तर कटआऊट. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिलं तर शेवटी करंट तोडायला ही दुसरी सोय असते. तुमचा थर्मोस्टॅट आधी एकदा बदललाय म्हणालात, त्या वेळी कुणी कटआऊटच्या दोन वायरी एकमेकींना जोडून "डायरेक्ट" केलंय का ते बघा. कटआऊट सारखा पडतो म्हणून लोक असं करतात आणि मला ते बघितलं की रात्री झोप लागत नाही. बंद टाकीत पाणी उकळत गेलं आणि वाट मिळाली नाही तर काय होईल, पाण्याची वाफ झाली की ती १६०० पट जागा मागते. त्या भिंतीखाली तुमचं माणूस आंघोळीला बसलेलं असतं.

दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यातनं तापताना थेंब थेंब पाणी गळतं, ते गळायलाच पाहिजे, पाणी तापलं की फुगतं आणि त्याला जायला जागा लागते. गळतंय म्हणून तिथं बूच ठोकू नका. नवीन घेताना व्हॉल्व्हवरचा बारचा आकडा गिझरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको.

तिसरा मॅग्नेशियमचा रॉड. आत लोखंडाची टाकी असेल तर हा रॉड स्वतः कुजतो म्हणून टाकी कुजत नाही. क्षाराचं पाणी असेल तिथं दोन अडीच वर्षांत संपतो, आणि तो बदलायचा असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नाही. तुमचा तेरा वर्षांत बदलला नसेल तर आत आता नुसती तार राहिली असेल. टाकी किती टिकणार हे त्यावरनं कळेल. सकाळी पहिलं गरम पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. तांबूस आलं किंवा गंजाचा चुरा आला तर टाकी आतनं खायला लागलीय, मग मात्र तिच्यावर पैसे घालू नका, गळायला लागलेल्या टाकीला डाग लावून काही उपयोग होत नाही. स्वच्छ आलं तर चालवा.

आणि अर्थिंग. गिझरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, आणि घराला ३० मिलीअँपचा ट्रिपर, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच तोडणारा, आहे का. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल, हे आधी.

अनगोळची_सून
काल दुसऱ्या मेस्त्रींना बोलावलं, वडगावचेच आहेत, काकांनी सांगितल्याप्रमाणे समोर उभी राहून सगळं बघितलं. सविस्तर लिहिते म्हणजे पुढं कुणाला उपयोग होईल.

इनलेटची जाळी काढली तर तिच्या भोकांत पांढरे खडे, निम्म्याहून जास्त बंद. व्हिनेगरमध्ये घातली तर फसफसायला लागली, पण व्हॉल्व्ह इतका घट्ट बसला होता की नवीनच घेतला. टाकीच्या तळातनं दीड वाटी तरी गाळ निघाला, चुन्यासारखा. रॉड खरंच नुसती तार राहिली होती काका, तुम्ही न बघता सांगितलंत. कॉईलवर थर होता, तो लाकडाच्या पट्टीने हळू खरवडला.

आणि कटआऊट डायरेक्ट केलेला होता. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी. थर्मोस्टॅट बदलायला आला होता त्याने केलं असणार, म्हणजे सहा सात वर्षं आम्ही तसंच वापरलं, मुलं लहान होती तेव्हा. हे बघून माझे हातपाय गार पडले. नवीन कटआऊट घातला, जुना मी घरी ठेवून घेतलाय, यांना दाखवायला. अर्थिंग तपासलं, वरच्या सॉकेटला होतं पण वायर सैल होती, घट्ट केली. ट्रिपर नव्हता, तो या आठवड्यात बसवायलेत.

आज सकाळी पांढऱ्या बादलीत पाणी घेतलं, स्वच्छ आहे. सासूबाईंची आंघोळ झाली, त्यानंतर माझी, आणि वर एक बादली उरली. वरच्या मिक्सरला एनआरव्ही दोन दिवसांनी बसतील, तोवर पुतण्याने स्वतःच शॉवरखाली कागद चिकटवलाय, मुठी बंद करा असा.

वायरमन_काका_वडगाव
बरं झालं ताई. जुना थर्मोस्टॅट बदलून पण सहा सात वर्षं झाली असतील ना, तो पण पुढच्या थंडीच्या आधी बघून घ्या. आणि काटा ६० च्या वर ठेवू नका, जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसतो.

निपाणीचा_भाऊ
सिस्टर, आमचा गॅस गिझर आज बाहेर पोर्चच्या भिंतीला लावला. पाईप जरा लांबला पण चालतो. बाहेर का काढला ते आईला पण सांगितलं.

कॅम्पातली_सिस्टर
फार बरं केलंत भाऊ. आता पावसाळ्यात झड आत जाणार नाही असं वर पत्र्याचं छप्पर करा, पण बाजू मोकळ्या ठेवा.